शिवरामनं नापास केलेली खोली

अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर राहायला कुठं काय मिळतं, हे शिवराम गमऱ्याइतकं अख्ख्या कोपरखैरण्यात कुणाला माहीत नव्हतं. कुठल्या बंगल्यात दुपारनंतर नळ कोरडा पडतो, कुठल्या खोलीच्या न्हाणीघराची कडी आतून लागत नाही, कुणाच्या वाडीत माडाखाली खाट टाकली तर नारळ डोक्यात पडायची भीती आहे, सगळं तोंडपाठ. आणि गंमत अशी, की त्यातल्या एकाही ठिकाणी तो कधी रात्रीचा राहिला नव्हता. सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचं, जागा बघायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. सहा वर्षांत त्यानं अशा अकरा जागा पाहिल्या आणि अकराच्या अकरा नापास केल्या.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. गेटवर पिंप आलं की त्याचं झाकण उघडायचं, नमुना काढायचा, वास घ्यायचा, बोटांवर चोळून बघायचा आणि मनाची खात्री पटली तरच आत घ्यायचं, असं वीस वर्षं केल्यावर माणसाचा स्वभावच तसा होतो. सेक्टरच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या वेणूबाई त्याला लांबून येताना पाहिलं की भेंड्यांवर ओलं फडकं टाकायच्या, कारण हा गृहस्थ पावशेर भेंडी घ्यायला वीस भेंड्यांची टोकं मोडणार हे त्यांना ठाऊक होतं. जागा बघायला जातानाही त्याच्या खिशात साबणाची वडी असायची. खाडीसमुद्राच्या कडेला विहिरीचं पाणी मचूळ असलं तर साबणाला फेस येत नाही. त्यामुळे कुठंही गेला की शिवराम आधी हात धुवायचा आणि घरमालकाला वाटायचं, काय स्वच्छ माणूस आहे.

बघितलेलं सगळं तो एका वहीत लिहायचा आणि कारखान्यातले लोक ती वही मागून न्यायचे. 'पंखा आवाज करतो, सबब नापास' असं वाचून ते म्हणायचे, पंखाच ना, मग चालेल की आपल्याला. बायकामुलांना घेऊन जायचे, दोन दिवस मजेत राहायचे आणि येताना गमऱ्यांसाठी आठवणीनं कोकमाच्या आगळाची बाटली आणायचे. शिवरामच्या घरी आगळाच्या बाटल्यांची रांग लागली होती. घरातलं माणूस मात्र एकही हललं नव्हतं.

त्याचं कारण वहीत नव्हतं. पंखा, कडी, विहीर ही नुसती वरवरची परीक्षा. खरी परीक्षा ब्याण्णव साली झालेल्या एका प्रसंगातून आली होती. शेजारच्या दोन बिऱ्हाडांबरोबर शिवराम, त्याची बायको रखमा आणि दोन लहान मुलं समुद्राकाठी एका घरगुती ठिकाणी गेली होती. यजमानांनी पडवीत बसवलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. शिवराम महाड तालुक्यातला, आडनाव गमरे. ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजलं. चहा आला तो दोन्ही शेजाऱ्यांना कपबशीतून आणि या दोघांना अंगणातल्या कोनाड्यातून काढलेल्या, कान तुटलेल्या कपांतून. क्रांती आणि आकाशला तहान लागली होती, तर त्यांना ओंजळ धरायला सांगून वरून पाणी ओतलं. रखमानं कप खाली ठेवला, दोन्ही मुलांची बोटं धरली आणि फाट्याकडं चालू लागली. एसटी यायला दोन तास लागले. ते दोन तास ती उन्हात उभी होती, दगडावर बस म्हटलं तरी बसली नाही. घरी आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की आता लोकांच्या दारात पाणी प्यायला मी येणार नाही, तुम्ही पोरांना घेऊन खुशाल जा.

शिवराम तिच्याशिवाय कसा जाणार? मग त्यानं हा उद्योग सुरू केला. आपण आधी जायचं, बघायचं, आणि जिथं असं होणार नाही अशी खात्री पटेल तिथंच तिला न्यायचं. पण ही खात्री पटवायची कशी? साबण चोळून फेस बघता येतो, माणसाचं मन चोळून बघता येत नाही. कुणी आडनाव विचारलं की शिवराम मनातून जागा नापास करायचा आणि कुणी नाही विचारलं, तर आता विचारलं नाही, मुक्कामाला आल्यावर विचारतील, म्हणून नापास करायचा. पंखे बिचारे फुकट बदनाम झाले.

रखमा स्वतः जायची नाही, पण ऐकायची मात्र सगळं. तो परत आला की स्वयंपाकघरात पाट ओढून बसायची. दार कुठल्या दिशेला, विहिरीला रहाट आहे की पंप, बाई बोलायला कशी, समुद्र घरातून दिसतो की नुसता ऐकू येतो, झाडं कसली. तिचे प्रश्न त्याच्यापेक्षा जास्त असत. न पाहिलेल्या अकरा घरांत ती डोळे मिटून फिरू शकली असती. ऐकून झालं की म्हणायची, बरं झालं, कळलं.

मग अठ्ठ्याण्णव साल आलं आणि क्रांती दहावीला ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाली. बक्षीस काय हवं, असं शिवरामनं मोठ्या तोऱ्यात विचारलं. घड्याळ मागेल, ड्रेस मागेल असं त्याला वाटलं होतं. क्रांती म्हणाली, समुद्राजवळ दोन दिवस राहायचंय, जंगलात शेकरू बघायचाय, आणि आई येणार असेल तरच. आई नसेल तर मला काहीच नको. रखमा तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. पण नाही असंही ती म्हणाली नाही, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच ती नाही म्हणाली नव्हती. शिवरामला त्या रात्री धड झोप आली नाही. या वेळी जागा चुकली तर रखमा पुन्हा कधीच उंबऱ्याबाहेर पडणार नाही, आणि आपली मुलगी ते आयुष्यभर लक्षात ठेवील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

बारावी जागा सुचवली अब्दुर्रहमाननं. तो कारखान्यात डिस्पॅचला होता, सगळे त्याला रेहमानभाई म्हणत. दहा वर्षं तो आणि शिवराम दुपारी समोरासमोर बसून जेवत. त्याच्या घरून तळलेली मांदेली आली की निम्मी शिवरामच्या झाकणात पडायची आणि रखमाची सुक्या जवळ्याची चटणी निम्मी त्याच्या. त्याची मावशी, मेहरुनखाला, मुरूडच्या अलीकडं एका गावात राहायची. गावाचं नाव राहू दे, खाला आता थकली आहे, तिला फार पाहुणे झेपायचे नाहीत. तिचा मुलगा नदीम कुवेतला होता. त्यानं घरामागच्या वाडीत दोन खोल्या बांधल्या होत्या आणि खाला त्या पाहुण्यांना द्यायची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला रस्ता ओलांडला की फणसाडचं रान. रेहमानभाईनं चिठ्ठी लिहून दिली, 'माझे दोस्त शिवरामभाऊ येत आहेत, खोली दाखवणे.' दोस्त कोण, कुठला, हे लिहावं असं त्याला सुचलंही नाही. दोस्त म्हटलं की झालं, असा त्याचा साधा हिशेब.

दसरा झाल्यावरच्या रविवारी शिवराम पनवेलला जाऊन मुरूडची एसटी धरून गेला. रेवदंड्याचा पूल ओलांडला, डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला पाणी सुरू झालं आणि त्याला उगीचच बरं वाटलं. मेहरुनखालाचं घर सापडायला अडचण आली नाही. पुढं पडवी, मागं सुपारीची वाडी, वाडीच्या टोकाला त्या दोन खोल्या. शिवरामनं विहिरीवर हात धुतले. भरपूर फेस आला. कडी लागली. पंखा मांजरीसारखा गप्प फिरत होता. खाटेवर तो बसला, उठला, पुन्हा बसला, खाट कुरकुरली नाही. खिडकीतून माडांच्या मधून समुद्राची पट्टी दिसत होती. त्यानं विचारलं, साप निघतात का? खाला म्हणाली, निघतात, पण पावसात, आणि ते आपल्या वाटेनं जातात. शेकरू दिसतो का? तिनं सांगितलं की सकाळी रानात शिरून मान वर करून चाललं तर दिसतो, बोलत चाललं तर नाही. शिवरामला बाई पसंत पडली. पडवीत येऊन बसल्यावर त्याच्या मनात आलं, सापडली जागा. घरी गेल्यावर रखमाला कुठून सांगायला सुरुवात करायची, हेसुद्धा तो ठरवू लागला.

तेवढ्यात खालानं विचारलं, "तुमचं गाव कंचं?" मग आडनाव विचारलं. शिवरामनं दोन्ही सांगितलं. खालानं मान हलवली आणि आतल्या दाराकडं तोंड करून सुनेला, बतूलला, सांगितलं, "चहा त्या रोजच्या कपात नको गो. वरच्या फळीवरचे वेगळे ठेवलेत ना, ते काढ."

चहा आला स्टीलच्या पेल्यात. पाणीही तसल्याच दुसऱ्या पेल्यात. खालानं स्वतः चहा घेतला तो फुलाफुलांच्या कपबशीत. शिवरामच्या कानशिलांत ऊन चढल्यासारखं झालं. त्यानं पेला तोंडाला लावला, दोन घोट घेतले, कारण न पिता उठायचं धैर्य त्याच्यात कधीच नव्हतं, ते रखमात होतं. दारातून त्याला दिसलं की बतूलनं त्याचे पेले बाकीच्या भांड्यांत न मिसळता वेगळे घासले, वेगळे पुसले आणि पुन्हा त्या वरच्या फळीवर नेऊन ठेवले. त्याला पुढचं काही विचारायचं नव्हतं. दुपारच्याच एसटीनं तो निघाला. वही त्यानं उघडलीच नाही.

घरी क्रांती दारातच उभी होती. शिवराम म्हणाला, जागा बरोबर नाही. ती आत निघून गेली आणि जेवायलाही आली नाही. रखमा नेहमीसारखा पाट ओढून बसली, पण याच्या तोंडून शब्द निघेना, तशी तीही उठली.

सोमवारी दुपारी रेहमानभाईनं डबा उघडता उघडता विचारलं, काय, पास ना खालाची खोली? शिवरामनं तेच वाक्य सांगितलं, जागा बरोबर नाही. रेहमानभाई हसला, म्हणाला पंखा तर मीच बसवून दिलाय. मग विचारलं, पाणी खारट लागलं का? नाही. संडास? स्वच्छ होता. खाला तिरसट बोलली? नाही, चांगली बोलली. मग? शिवराम भाताची ढेकळं फोडत राहिला. इतर जागांना अकरा कारणं सांगणारा माणूस या वेळी एकही सांगेना. खरं कारण सांगायचं म्हणजे, तुझ्या सख्ख्या मावशीनं मला वेगळं भांडं दिलं, असं मित्राच्या तोंडावर म्हणायचं. ते त्याच्या जिभेवर येत नव्हतं.

रेहमानभाईचं हसू हळूहळू गेलं. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या दंगलींनंतर त्यानंही बरंच पाहिलं होतं. पत्त्यावरचं नाव वाचून फिरलेली माणसं त्यानं पाहिली होती. तो अगदी सावकाश बोलला.

"गमरे, माझा डबा तुमाला चालतो. माझ्या खालाचं घर नाय चालत. डब्यातलं खाणं वेगळं आणि बायकापोरं घेऊन रायला जाणं वेगळं, असंच ना?"

शिवरामला वाटलं आपल्याला कुणीतरी उलटं टांगलंय. ज्या गोष्टीनं त्याचं काळीज सोललं होतं, तीच गोष्ट केल्याचा आळ त्याच्यावर येत होता. तो नुसता 'तसं नाय' एवढंच म्हणाला, आणि 'तसं नाय' म्हणून गप्प बसणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवसापासून रेहमानभाई पॅकिंगवाल्यांच्या टेबलावर जेवायला बसू लागला.

आठवडाभर हे चाललं. घरी काही कळणार नाही असं शिवरामला वाटत होतं, पण डबा घासणारी रखमा होती. रोज झाकणात तेलाचा, मासळीचा वास असायचा, तो नव्हता. जवळ्याची चटणी दिली तेवढीच परत येत होती. तिसऱ्यांदा चटणी परत आली तशी तिनं डबा त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, रेहमानभाई रजेवर आहेत का? शिवराम हो म्हणणार होता. पण त्याला रडू यायला लागलं, आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला बायकोसमोर रडायचं नसलं तर बोलावंच लागतं. त्यानं सगळं सांगितलं. विहीर, पंखा, खिडकीतला समुद्र, आडनाव, पेले, रेहमानभाई.

ती संतापेल, आपल्यालाच तिची समजूत घालावी लागेल, असं शिवरामला वाटलं होतं. पण ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठी पडली. ती रागाची नव्हती. कापड कमी का पडतंय हे बघताना शिंप्याच्या कपाळावर पडते तशी होती. तिनं पाट जवळ ओढला.

"पेला कसला व्हता? जुना?"

नवा होता, शिवराम म्हणाला. इतका नवा की दुकानातला कागद अजून बुडाला अर्धा चिकटलेला. चेपला होता? नाही. किती होते? सहा, वर एका ओळीत, आणि त्यांच्याशेजारी ताटंही तसलीच. कुठं ठेवले होते, अंगणात? नाही, घरातच, स्वयंपाकाच्या खोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर. घासले कशानं? वेगळी घासणी घेऊन, त्यांच्या भांड्यांची राख लागू नये अशी जपून.

 रखमा म्हणाली, "आपल्याला येगळं काढत्यात ना, ते फुटकं काढत्यात. आनि ते घरात नाय ठेवत, भाईर ठेवत्यात. नवंकोरं भांडं येगळं काढून वरच्या फळीवर कोन ठेवतं? जो समोरच्याला भितो तो."

शिवरामनं विचारलं, आपल्याला कोण भिणार?

"आपन कोन ते तिला ठावं हाय का?"

आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, तो म्हणाला. त्यावर रखमा म्हणाली, ते तुम्ही सांगितलं, तिला काय समजलं ते कुठं विचारलंत?  माल कुठून आला, कुणी पाठवला, कधी भरला, हे वीस वर्षं विचारणाऱ्या माणसानं तेवढं एक विचारलं नव्हतं. रखमानं डब्याचं झाकण लावलं.

"रविवारी मी येते," ती म्हणाली. "मी बगते."

एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला लागली. आतल्या खोलीत क्रांतीचा अभ्यासाचा आवाज बंद पडला होता. ती ऐकत होती हे दोघांनाही कळलं. शिवरामला भीती वाटत होती. बायकोचा अंदाज चुकला तर काय, हा एकच विचार त्याच्या डोक्यात रविवारपर्यंत फिरत राहिला.

एसटीत रखमा खिडकीशी बसली. पुलावर आल्यावर तिनं विचारलं, हाच का तो रेवदंड्याचा? मग वाटेतलं एकेक ती ओळखत गेली. सहा वर्षं ऐकलेलं होतं ते. हा तो बंगला, दुपारी पाणी नसणारा. ही ती नारळ पडणारी वाडी. शिवराम नुसता हो हो म्हणत होता. त्याला कौतुकही वाटत होतं आणि वाईटही. एवढं सगळं तिनं कानांनी बघितलं होतं.

मेहरुनखाला त्यांना पाहून गोंधळली. खोली न घेता गेलेला माणूस आठवड्यानं बायकोला घेऊन परत येतो, असं तिच्याकडं कधी झालं नव्हतं. तिनं खोलीची किल्ली काढली. रखमानं किल्लीकडं पाहिलंच नाही, विहिरीकडंही नाही. ती सरळ स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशी गेली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. आत येऊ का, तिनं विचारलं.

खाला घुटमळली. "या, पण चुलीवर म्हावरं हाय आमचं."

रखमा म्हणाली, मग तर येतेच, आणि आत जाऊन बतूलशेजारी खाली बसली. बतूलनं सासूकडं पाहिलं आणि तिचा हात वरच्या फळीकडं गेला. शिवराम पडवीतून बघत होता. 

"खाला, ते नको," रखमा म्हणाली. "तुमी ज्यातून पिता, त्यातलं द्या."

"ते आमचं वापरातलं. तुमा लोकांना नाय चालत."

"आमी कोन लोक?"

खाला ओशाळली. हिंदू लोक, ती हळूच म्हणाली.

"आमी बौद्ध हाय, खाला. आमचंच पानी लोकांना चालत नव्हतं."

खालानं हातातला पळा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. मग तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी खोल्या नवीन बांधल्या तेव्हा पहिलेच पाहुणे आले, आईबाप आणि दोन मुली. खालानं हौसेनं सरबत केलं. त्या बाईनं ग्लास उजेडात धरून बघितला, हे तुमच्याच वापरातले का, असं विचारलं, आणि मुलींच्या हातातले ग्लास काढून घेऊन तसेच खाली ठेवले. संध्याकाळच्या आत ते निघून गेले. चार ग्लास सरबत खालानं सुपारीच्या मुळाशी ओतलं. दुसऱ्या दिवशी मुरूडला जाऊन तिनं सहा पेले आणि सहा ताटं आणली. त्यांना घरातल्या कुणी तोंड लावायचं नाही, आपल्या भांड्यांत मिसळायचं नाही, असा तिनंच नियम केला. नातू एकदा त्यातून पाणी प्यायला तर त्याला मारलं. पाहुणा महाडकडचा, नाव शिवराम, म्हणजे हिंदूच, मग तिनं त्या दिवशी नियमाप्रमाणे केलं. रेहमानचा दोस्त आहे, त्याला तरी आपल्या घरात कमीपणा वाटू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

रखमानं मग तिला कान तुटलेल्या कपाची गोष्ट सांगितली. शिवरामनं मान खाली घातली. ही गोष्ट घराबाहेर रखमानं कधीच कुणाला सांगितली नव्हती, त्याच्या सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि आता मासळीच्या कालवणाशेजारी बसून ती परक्या बाईला सांगत होती, ओंजळीसकट, उन्हातल्या दोन तासांसकट. मध्येच दोघी हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं हे शिवरामला कळलं नाही, पण बतूलही हसत होती.

हसून झाल्यावर खाला म्हणाली, तुमच्या मिस्टरांनी त्या दिवशी नुसतं बोलायचं तरी होतं. दोन घोट पिऊन उठून गेले, मला वाटलं चहा आवडला नाही.

"त्यांना लोकांचं इचारायची सवय हाय," रखमा म्हणाली. "आपलं सांगायची नाय."

ती हे हळू बोलली नव्हती. शिवरामनं ऐकावं म्हणूनच बोलली होती, आणि ते त्याला लागलं. बतूलनं रांजणातून पाणी काढून घरातल्या काचेच्या ग्लासात दिलं. रखमा ते सगळं प्याली आणि अजून मागितलं. दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस तिनंच ठरवले आणि खोली न बघताच ठरवले. निघताना खालानं शिवरामला विचारलं, की तुमचं बघायचं काही राहिलंय का? तो नाही म्हणाला.

सोमवारी जेवणाची घंटा झाली तेव्हा शिवराम डबा घेऊन पॅकिंगवाल्यांच्या टेबलाशी गेला. रेहमानभाईनं वर पाहिलं, सरकून जागा केली नाही. शिवराम उभ्यानंच बोलला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं समोरच्याला एकही प्रश्न न विचारता बोलायला सुरुवात केली. सहा पेले आणि सहा ताटं कुणासाठी होती ते सांगितलं, आपण काय समजलो ते सांगितलं, आणि रखमानं काय ओळखलं तेही. पॅकिंगवाले घास हातात धरून ऐकत होते. कोण ऐकतंय याची त्याला त्या दिवशी फिकीर नव्हती.

 खालानं मला कधी सांगितलं नाही, रेहमानभाई म्हणाला. मग त्यानं बाकावर हात ठेवून शिवरामला बसायची खूण केली.

"दहा वर्षं झाली, गमरे. वहिनी कुठंच का येत नायत, हे मी पण तुमाला कधी विचारलं नाय."

"आता इचारा," शिवराम म्हणाला.

रेहमानभाईनं विचारलं. जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं राहिली होती आणि दोघांचेही डबे उघडायचे होते, पण शिवरामनं ब्याण्णव सालच्या त्या पडवीपासून सांगायला सुरुवात केली.